गुलशनाबादचे सोयरे

आमच्याकडं निकाहची बोलणी सुरू झाली की मुलाचा पगार आणि मुलीचं शिक्षण नंतर येतं. आधी चहाचा कप हातात घेऊन मोठी माणसं विचारतात, "तुमचं असल गाव कोणतं?" माझ्या सासूबाई शेवटपर्यंत "मुबारकपूर" असं सांगत. आजमगढकडचं ते गाव त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या सासूनंही पाहिलं नव्हतं. जन्म मालेगावचा, माग मालेगावचा, कबरही मालेगावलाच. तरी कोणी विचारलं की मुबारकपूर. मी मात्र नाशिकची. कथड्यात जन्मले, तिथल्याच शाळेत मुलांना शिकवून निवृत्त झाले. लांबचं सांगण्यासारखं आपल्याकडं काही नाही, असं मला वाटायचं. गेल्या महिन्यात नातवानं घरातला एक डबा उघडला आणि माझा हा समज गेला.

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. माझ्या दादीचा, म्हणजे अब्बांच्या आईचा. त्यात एक सुरमादाणी, तुटलेली तसबीह, घरपट्टीच्या पावत्या, एक पिवळा पडलेला लिफाफा आणि हिरव्या कापडात गुंडाळलेली दहा रुपयांची नोट. नोटेचा एक कोपरा जळलेला. नातवाला यंदा डिप्लोमाला प्रवेश मिळाला आहे आणि घरात फीची ओढाताण चालू आहे. त्यानं नोटेचा फोटो काढला, मोबाइलमध्ये अर्धा तास काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "नानी, ही साधी नोट नाही. ही हजची नोट आहे. जमवणारे लोक हिला एवढे पैसे देतात की माझी या वर्षाची फी निघेल."

हजची नोट! आमच्या घरात तिला "दादीची नोट" एवढंच म्हणत. दादी १९६० साली, माझ्या आठवणीच्या आधी, मुंबईहून आगबोटीनं हजला गेली होती. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनच्या जहाजानं जिद्द्यापर्यंत. लोखंडी ट्रंक, चुलीवरचं सामान, लोणच्याची बरणी, सगळं बरोबर. असं जहाजानं जाणं १९९५पर्यंत चालू होतं. पुढं सगळा प्रवास विमानाचा झाला.

त्या नोटेची हकिगत अशी. त्या काळात कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत या सगळ्या भागात आपला हिंदुस्थानी रुपया बाजारात चालत असे. आज आपली मुलं तिकडं जाऊन दिनार-दिरहम पाठवतात. तेव्हा तिथल्या माणसाच्या खिशात आपलाच रुपया असायचा. पण त्यातून एक धंदा सुरू झाला. इथून नोटा चोरून तिकडं न्यायच्या, त्यावर सोनं घ्यायचं आणि ते सोनं चोरून इकडं आणायचं. तिकडं जमलेल्या नोटा शेवटी रिझर्व्ह बँकेकडं येत आणि त्यांच्या बदल्यात बँकेला पौंड मोजावे लागत. म्हणून १९५९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन प्रकारच्या खास नोटा निघाल्या. एक आखाती देशांसाठी. दुसरी हाजींसाठी, दहाची आणि शंभराची. नक्षी नेहमीच्या नोटेसारखी, रंग मात्र वेगळा, आणि क्रमांकाच्या आधी "एचए" ही इंग्रजी अक्षरं. सौदी अरबस्तानात ती बदलून घ्यायची. आपल्या दूध बाजारात ती चालत नसे. त्यामुळं दादीकडं एक उरली ती उरलीच. खर्चता येत नाही आणि मक्केला जाऊन आलेली वस्तू टाकवत नाही.

सौदीचीही यात एक गंमत आहे. तिथं लोकांचा विश्वास चांदीच्या रियालवर आणि सोन्याच्या नाण्यांवर. कागदाला कोणी हात लावत नसे. पण हाजींनी एवढी जड चांदी वागवायची कशी? म्हणून १९५३ साली सौदी सरकारनं हाजींसाठी कागदी पावत्या काढल्या आणि त्यांच्यावर अरबीबरोबर उर्दू, फारसी, तुर्की अशा हाजींच्या भाषांत मजकूर छापला. त्या देशातला कागदी पैसा असा हाजींच्या सोयीतून सुरू झाला.

आता मुख्य गोष्ट. दादीची नोट कुठं छापली? त्या वेळी सगळ्या हिंदुस्थानच्या नोटा एकाच ठिकाणी छापल्या जात आणि ते ठिकाण म्हणजे आपलं नाशिक रोड. देवासचा कारखाना सत्तरच्या दशकात आला, म्हैसूरचा त्याच्याही नंतर. म्हणजे कथड्यापासून नऊ-दहा किलोमीटरवर छापलेला कागद मुंबईला गेला, तिथं दादीच्या हातात पडला, तिच्या कमरेच्या बटव्यात समुद्र ओलांडून हिजाजला गेला आणि पुन्हा कथड्यात आला. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे नोट आपल्या गावचीच!"

नाशिक रोडच्या प्रेसचं सोयरपण तर लांब लंडनशी आहे. १८५५पासून हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापून बोटीनं येत. नोटासुद्धा बँक ऑफ इंग्लंडमध्ये छापल्या जात. सत्तर वर्षं हा उलटा व्यवहार चालला. १९२५-२६मध्ये नाशिक रोडला तिकिटं छापायला सुरुवात झाली आणि १९२८मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला. कुवेत आणि बहारीनच्या टपाल कचेऱ्यांत तेव्हा हिंदुस्थानचीच तिकिटं, वर त्या त्या गावाचं नाव छापून, विकली जात. म्हणजे बहारीनच्या मोती व्यापाऱ्यानं मुंबईला पत्र टाकलं तर तिकीट नाशिकचं.

आणि १९४७. पाकिस्तान झालं तेव्हा त्या देशाकडं स्वतःचं तिकीट नव्हतं, नोट नव्हती, ती छापायची सोयही नव्हती. १ ऑक्टोबर १९४७ला तिथं जी तिकिटं निघाली ती आपलीच, जॉर्ज बादशहाच्या चित्राची, वर "पाकिस्तान" हा शब्द छापलेली. तो शब्द छापला नाशिक रोडला. तिकिटं जमवणारे लोक आजही त्याला "नाशिक ओव्हरप्रिंट" म्हणतात. नोटांचंही तेच. एप्रिल १९४८मध्ये तिथं ज्या नोटा आल्या त्यांच्यावर इंग्रजीत "गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान" आणि उर्दूत "हुकूमत-ए-पाकिस्तान" असं होतं. त्याही नाशिकच्या. जून १९४८अखेर आपली रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांची बँक होती. माणसं एकमेकांच्या गाड्या जाळत होती, त्याच वर्षी एका छापखान्यात एकाच शाईनं दोन्ही देशांचे पैसे छापले जात होते.

डब्यातल्या लिफाफ्याचं मोल मला इथं कळलं. दादीचा धाकटा भाऊ कराचीला गेला. तिथून आलेलं त्याचं पहिलं पत्र या लिफाफ्यात आलं होतं. पत्र केव्हाच हरवलं. लिफाफ्यावर उजव्या कोपऱ्यात चौकोनी भोक आहे. ते मी पाडलं. आठवी-नववीत असताना मला तिकिटं जमवायचा नाद होता. कात्रीनं तिकीट कापलं आणि मैत्रिणीच्या तीन परदेशी तिकिटांच्या बदल्यात देऊन टाकलं. दादी रागावली नाही, पण लिफाफा तिनं पुन्हा माझ्या हाती लागू दिला नाही. ते तिकीट नाशिक ओव्हरप्रिंटचंच होतं असं मी आज छातीठोक सांगू शकत नाही. "पाकिस्तान" हा शब्द आणि बादशहाचं तोंड मात्र मला लख्ख आठवतं.

पैसे पाडण्याचं काम नाशिकला इंग्रजांनी शिकवलं, असं मात्र समजू नका. मुघलांच्या काळात या गावाचं नाव होतं गुलशनाबाद. पेशवाईत "नाशिक" पुन्हा रूढ झालं, तरी इथल्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयावर गावाचं नाव फारसीत गुलशनाबादच राहिलं. राज्य मराठ्यांचं, नाव दिल्लीच्या बादशहाचं, टांकसाळ गुलशनाबादची. असं रुपयाच्या एका नाण्यावर सगळे गुण्यागोविंदानं बसलेले. नाण्यांची आवड असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

या नावाची जुळी बहीणही आहे. तेलंगणातल्या मेदकचं जुनं नावही गुलशनाबाद. मेदकच्या मुलखातून मांजरा वाहते. ती निघते आपल्या बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात, आणि पुढं गोदावरीलाच मिळते. तेव्हा दोन्ही गुलशनाबादांचं पाणी शेवटी एकाच पात्रातून समुद्राला जातं.

आता एक सोयरिक अशी सांगते की ऐकून मला स्वतःला झोप लागली नव्हती. नाशिकमध्ये शरणपूर रोड सगळ्यांना ठाऊक आहे. बँका, दवाखाने, कपड्यांची दुकानं. रोज हजारो लोक तिथून जातात. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव. १८५०च्या दशकात ख्रिस्ती मिशननं ते वसवलं. पुढं तिथं कोणाला आणलं? आफ्रिकेतल्या मुलांना. त्या काळी पूर्व आफ्रिकेतून माणसं, विशेषतः लहान मुलं, पकडून गलबतांतून विकायला नेत. इंग्रजांच्या आरमाराची जहाजं अशी गलबतं अडवत आणि सुटलेल्या लोकांना मुंबईला उतरवून देत. त्यांतली बरीच मुलं १८६०च्या सुमारास नाशिकला आणली. तिथं त्यांना लिहायला, वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. धर्म अर्थातच मिशनचा दिला. आई-बाप कुठं, गाव कोणतं, काही ठाऊक नसलेली ही मुलं गोदाकाठी वाढली. बाहेरचे लोक त्यांना "नासिक बॉइज" म्हणू लागले. तुमचं असल गाव कोणतं, असं त्यांना कोणी विचारलं असेल तर काय सांगितलं असेल त्यांनी?

डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटलंडचा प्रवासी शाळेच्या पुस्तकात असायचा. नाईलचा उगम शोधायला तो १८६६ साली मुंबईहून शेवटच्या सफरीला निघाला, तेव्हा नाशिकच्या शाळेतले काही तरुण त्याच्याबरोबर होते. पुढं १८७२मध्ये आणखी काही जण त्याला जाऊन मिळाले. त्यांतला एक जेकब वेनराइट, एक मॅथ्यू वेलिंग्टन. मुंबईच्या गोदीत काम केलेला अब्दुल्ला सुसी हाही लिव्हिंगस्टनचा जुना माणूस. १ मे १८७३ला आजच्या झांबियातल्या चितांबो नावाच्या खेड्यात लिव्हिंगस्टन वारला. आसपास कोणी गोरा माणूस नाही, तार नाही, रस्ता नाही. या लोकांनी ठरवलं, देह त्याच्या घरी पोचवायचा. त्यांनी काळीज तिथंच एका झाडाखाली पुरलं, जेकबनं प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर त्याचं नाव कोरलं. देह मीठ लावून सुकवला, गुंडाळला, आणि हे लोक खांद्यावर घेऊन निघाले. सुमारे सोळाशे किलोमीटर. दलदल, दुष्काळ, आजार, वाटेत मरण पावलेले सोबती. फेब्रुवारी १८७४मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले.

बोटीवर त्यांच्यापैकी एकालाच जागा मिळाली, ती जेकब वेनराइटला. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत, जिथं इंग्लंडचे बादशहा पुरले आहेत तिथं, लिव्हिंगस्टनला पुरलं. शवपेटीला हात लावून चालणाऱ्या मानाच्या मोजक्या माणसांत जेकब होता. गुलाम म्हणून पकडलेला, नाशिकला शिकलेला पोरगा. त्यानं त्या प्रवासाची रोजनिशीही लिहून ठेवली आहे. शरणपूर रोडवर उभं राहून हे आठवलं की रस्त्याची लांबी वेगळीच वाटायला लागते.

हा धागा इथं तुटत नाही. मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रियरनं १८७३मध्ये झांजिबारला जाऊन गुलामांचा व्यापार बंद करण्याची बोलणी केली. त्या वर्षी सुलतान बरगश यांनी करार केला. मग सुटलेल्या लोकांना ठेवायचं कुठं? त्यासाठी मोंबासाजवळ नवं गाव वसवलं. नाव फ्रियर टाउन. वसवायला गेला विल्यम प्राइस, म्हणजे ज्यानं शरणपूर सांभाळलं तोच मिशनरी, आणि त्याच्या हाताखाली कामाला होते नाशिकला शिकलेले हे आफ्रिकन. सुतार, लोहार, शिक्षक. केनियात त्यांना "बॉम्बे आफ्रिकन्स" म्हणत. म्हणजे नाशिकनं आफ्रिकेत एक गाव घातलं म्हणा ना. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासातच राहिला, १९३५पर्यंत जगला. फ्रियर टाउनला एक घंटा आहे, आणि त्या घंटेवरून त्या चौकाला केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. आणि लिव्हिंगस्टनचं जन्मगाव? स्कॉटलंडमधलं ब्लँटायर, कापसाच्या गिरणीचं गाव. त्याच नावाचं आज आफ्रिकेत, मलावीत, एक मोठं शहर आहे आणि ते मूळ गावाच्या कितीतरी पट मोठं झालं आहे. लेकीनं आईला मागं टाकावं तसं.

घंटेवरून आठवलं. आमच्याकडं कोणी मोठ्यानं बोलायला लागलं की शेजारच्या काकू म्हणायच्या, "काय गं, नारोशंकराची घंटा झाली आहेस!" गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर ती घंटा आहे. तिच्यावर पोर्तुगीज अक्षरं आणि १७२१ हे साल आहे. देवळाच्या घंटेवर पोर्तुगीज कशाला? तर चिमाजी आप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा सरदारांनी विजयाची खूण म्हणून आपापल्या गावी आणल्या. एक वाईजवळ मेणवलीला, तिच्यावर १७०७ हे साल, एक भीमाशंकरला, एक नाशिकला. वसईतून निघालेल्या सख्ख्या बहिणी तीन गावांत नांदायला गेल्या.

नारो शंकर राजेबहादर हा माणूस मोठा गावं जोडणारा. मोसम आणि गिरणा जिथं मिळतात तिथं १७४०च्या सुमारास त्यानं मालेगावचा किल्ला बांधायला घेतला, आणि कारागीर आणले सुरतेकडून आणि उत्तरेतून. १७४२पासून तो झाशीचा सुभेदार होता. तिथला किल्ला वाढवला, खाली शहर वसवलं. राणीची झाशी आपण सगळे म्हणतो, पण त्या शहराच्या बांधणीत मालेगाव-नाशिकच्या माणसाचा हात आहे. मालेगावच्या किल्ल्याला १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा आत लढणारी शिबंदी अरबांची होती. जवळजवळ महिनाभर ते लढले. शेवटी किल्ला खाली केला आणि त्यांची रवानगी सुरतेकडं झाली.

मालेगावचं आजचं रूप मात्र किल्ल्यानं घडवलेलं नाही, मागानं घडवलं आहे. १८५७च्या उठावानंतर मऊ, मुबारकपूर, बनारस, अलाहाबाद इकडचे विणकर, आपले मोमीन, दक्षिणेकडं निघाले. गिरणीच्या विलायती कापडानं धंदा आधीच बुडवला होता, त्यात ही धरपकड. ते आग्रा रोडनं आले. जिथं माग लावता आला तिथं थांबले. कोणी बुऱ्हाणपूरला, कोणी मालेगावला, कोणी भिवंडीला, कोणी मुंबईच्या मदनपुऱ्यात. दुसरी एक वाट नागपूरजवळ कामठीला गेली. म्हणून आजही मालेगावचं घर आणि भिवंडीचं घर यांच्यात मुलगी देणं-घेणं चालतं आणि दोन्ही घरांत सणाला पूरबी चवीचंच जेवण होतं. आणि इथं येऊन त्यांनी विणलं काय? नऊवारी लुगडी. खानदेशातली शेतकरीण नेसत होती ते लुगडं मुबारकपूरच्या पोराच्या मागावरचं. माझ्या सासऱ्यांना मराठी मोजकंच येई, पण लुगड्याच्या काठांची मराठी नावं त्यांना तोंडपाठ होती.

विणकरांना नाशिकनं पहिल्यांदाच आसरा दिला असंही नाही. पांडवलेणीत एक शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. नहपान राजाचा जावई उषवदात यानं तीन हजार नाणी इथल्या गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं ठेवली. दोन हजारांवर महिना शेकडा एक, एक हजारावर शेकडा पाऊण. त्या रकमेतून लेण्यातल्या भिक्षूंना कपडे. (व्याजाचा भाग आपण सोडून देऊ!) पण राजाचा जावई खजिन्याऐवजी विणकरांवर विश्वास टाकतो, ही त्या धंद्याची पत. त्याच माणसानं भडोच, मंदसौर, सोपारा आणि गोवर्धन या चार ठिकाणी मुसाफिरांसाठी धर्मशाळा बांधल्याचंही तिथं कोरलेलं आहे. सोपारा म्हणजे नालासोपाऱ्याचं. वसईच्या शेजारचं. घंटा यायच्या सोळाशे वर्षं आधीपासून तो रस्ता चालता होता.

देवळालीचं दोन ओळींत सांगते, कारण ते हसण्यावारी न्यायचं आहे. विलायतेत चाललेले गोरे सोल्जर मुदत संपली की देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत पडत. बोटी फक्त थंडीच्या महिन्यांत. चुकली की सहा-सात महिने नुसतं बसून राहायचं. कंटाळून, तापानं, दारूनं काहींची डोकी फिरत. त्यांनी त्याला नाव दिलं "डूलाली टॅप", म्हणजे देवळालीचा ताप. आज इंग्लंडमधल्या कुठल्याही खेड्यात डोकं फिरलेल्या माणसाला "डूलाली" म्हणतात आणि म्हणणाऱ्याला ठाऊकही नसतं की आपण नाशिकच्या एका गावाचं नाव घेतोय. हवा खायला, तब्येत सुधारायला मुंबईचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावाला येतात, त्याचं नाव इंग्रजांनी वेडाला दिलं!

तर आता नोटेकडं येते. नातवाची घाई चालली होती. एका जमवणाऱ्याचा फोनही त्यानं मिळवला. मी म्हटलं, बेटा, नोट माझी नाही. दादी वारली तेव्हा डबा अब्बांकडं आला आणि अब्बांनंतर माझ्याकडं, पण वाटणी कोणी केली नव्हती. दहा रुपयांची वाटणी कोण करणार? आता तिचे पैसे होणार असतील तर हिस्से करावे लागतील. दादीला तीन मुलगे, दोन मुली; मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. त्यांतले चार गेले, त्यांची मुलं, मुलांची मुलं. नातवानं वहीत झाड काढलं. रात्री बारापर्यंत बसला. एकतीस वारस निघाले. त्यांच्या नावापुढं तो गाव लिहीत गेला: नाशिक, मालेगाव, येवला, भिवंडी, मुंब्रा, बुऱ्हाणपूर, पुण्याचं कोंढवा, दोघे कुवेतला, एक जण लंडनजवळच्या स्लाउमध्ये. यातल्या सात-आठ जणांची नावं मलाच ठाऊक नव्हती. येवल्याच्या भाचीचा नंबर शोधायला तीन फोन करावे लागले. तिच्या सासरी पैठणीचा माग आहे, हेही मला आत्ता कळलं.

मग त्यानं एकेकाला फोन लावले. कुवेतवाल्यानं सांगितलं, माझा हिस्सा पोराच्या फीला. भिवंडीच्या चुलतभावानं किंमत विचारली आणि विचार करून सांगतो म्हणाला. स्लाउच्या मुलीला दादी कोण हेच समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ती म्हणाली, मला फक्त फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा. फीचा पहिला हप्ता तोपर्यंत जावयांनी भिशीतून उचलून भरला, तेव्हा घाई थोडी कमी झाली आहे.

शेवटचा फोन मालेगावला, फुफीला. दादीच्या पाच मुलांत ती एकटीच हयात. नव्वदीला आली आहे, ऐकू कमी येतं. नातवानं ओरडून ओरडून सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. आम्हाला वाटलं फोन कट झाला. मग तिनं विचारलं, "कोपरा जळलेला आहे ना?"

तो जळलेला कोपरा आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. जहाजावरच्या चुलीत तो जळला, असं अब्बा सांगत.

"चुलीत नाही," फुफी म्हणाली. "तो माझ्यामुळं जळला. अम्मानं कोणाला सांगितलं नाही." कसा, ते मात्र फोनवर सांगायला ती तयार नाही. नोट घेऊन या म्हणते. रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघतोय. नातवानं नोट पुन्हा त्याच हिरव्या कापडात बांधली आहे.